निबंधाचा मधला भाग कसा लिहावा

कॉलेजच्या निबंधात मुलं सगळ्यात जास्त जीव ओततात तो सुरुवातीच्या चार ओळींत. सुविचार शोधतात, कवितेची ओळ घालतात. शेवटही घासूनपुसून लिहितात. मार्क मात्र जातात मधल्या भागात. हजार शब्दांच्या निबंधात प्रास्ताविक आणि समारोप मिळून दोनशे शब्दांच्या वर जायला नकोत. उरलेल्या आठशे शब्दांचे पाच-सहा परिच्छेद होतात, आणि तुमचं म्हणणं पटतं की नाही, ते तिथंच ठरतं.

कोल्हापुरातल्या कुठल्याही कॉलेजात हमखास पडणारा विषय घेऊ: राजर्षी शाहू महाराजांचं शैक्षणिक कार्य. बहुतेक वह्यांमध्ये मधला परिच्छेद साधारण असा असतो:

‘राजर्षी शाहू महाराज हे थोर समाजसुधारक होते. त्यांनी अनेक वसतिगृहे काढली. १९०२ मध्ये त्यांनी मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखीव ठेवल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. राधानगरी धरणाचे काम सुरू केले. कुस्तीला आश्रय दिला. अशा प्रकारे त्यांचे कार्य महान आहे.’

यातलं एकही वाक्य चूक नाही. तरीही परिच्छेद लंगडा आहे, कारण तो काहीच सिद्ध करत नाही. सहा गोष्टींची नुसती यादी झाली आहे, आणि धरण-कुस्ती तर विषय सोडूनच गेली. ही यादी तपासणाऱ्याला पाठ असते. त्याला बघायचं असतं ते या माहितीवरून तुम्ही काय ताडलं.

पहिलं वाक्य: ‘कशावरून?’ असं विचारता आलं पाहिजे

परिच्छेदाचं पहिलं वाक्य म्हणजे त्या परिच्छेदाचा दावा. तो जमलाय का, हे तपासायची सोपी कसोटी आहे. वाक्य लिहा आणि स्वतःला विचारा, ‘कशावरून?’ ‘शाहू महाराज थोर होते’ यावर कुणी तसं विचारणार नाही. सगळ्यांना ते मान्यच आहे. ‘१९०१ मध्ये बोर्डिंग सुरू झालं’ ही नोंद झाली, दावा नव्हे. पण ‘खेड्यातल्या मुलांची खरी अडचण राहण्या-जेवण्याची आहे, हे शाहू महाराजांनी ओळखलं होतं’ असं म्हटलं, की वाचणारा लगेच विचारतो, कशावरून? आता परिच्छेदाला काम मिळालं.

हे वाक्य पंधरा-वीस शब्दांच्या आत बसवा. त्यात दोन ‘आणि’ आले, तर बहुधा दोन परिच्छेदांचा माल एकात कोंबलेला असतो. तो वेगळा करा.

पुरावा थोडा, पण नेमका

एका दाव्याला दोन किंवा तीन पुरावे पुरेत. पाच-सहा दिले की कुठल्याच पुराव्याकडे नीट बघायला जागा उरत नाही. नाव, साल, ठिकाण यांपैकी निदान दोन गोष्टी प्रत्येक पुराव्यात हव्यात. ‘अनेक वसतिगृहे’, ‘त्या काळी’, ‘विविध उपक्रम’ हे शब्द दिसले की समजावं, वाचन कमी पडलंय. अशा वेळी गाईडची री ओढण्यापेक्षा करवीर नगर वाचन मंदिरात किंवा विद्यापीठाच्या बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात दोन तास बसा. टिपण काढताना पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक तिथल्या तिथं लिहून ठेवा. नंतर शोधू म्हटलं की ते राहूनच जातं. अवतरण द्यायचंच असेल तर दोन ओळींपेक्षा मोठं नको, आणि ते कुणाचं, कुठलं, हे आधी सांगा.

पुराव्यानंतरची दोन-तीन वाक्यं

सगळ्यात जास्त गाडी अडते ती इथं. पुरावा दिला की मुलं थेट पुढच्या मुद्द्यावर उडी मारतात. पुरावा आपण होऊन बोलत नाही. त्याचा दाव्याशी सांधा तुम्हीच जुळवायचा असतो. वरचाच विषय असा लिहून बघा:

‘खेड्यातल्या मुलाला कोल्हापुरात शिकायचे, तर राहण्या-जेवण्याची अडचण सर्वांत मोठी आहे, हे शाहू महाराजांनी ओळखले होते. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. १९०६ मध्ये मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी, तर १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. शहरात शाळा आधीही होत्या. पण भुदरगडच्या शेतकऱ्याच्या मुलाला त्या असून नसल्यासारख्याच होत्या. रोज ये-जा करणे शक्य नव्हते आणि शहरात बिऱ्हाड करण्याची ऐपत नव्हती. वसतिगृहाने शाळा आणि मूल यांच्यातले हे अंतरच काढून टाकले. म्हणून ही वसतिगृहे म्हणजे शिक्षणाला जोडलेली सोय नव्हे; त्या मुलांच्या शिक्षणाची ती पहिली पायरी होती.’

पहिलं वाक्य दाव्याचं. पुढची दोन पुराव्याची. त्यानंतरची पाच वाक्यं म्हणजे सगळं स्पष्टीकरण आहे, आणि परिच्छेदातला निम्म्याहून जास्त मजकूर त्यातच गेलाय. हे प्रमाण लक्षात ठेवा: पुराव्याला एक वाक्य, तर उलगड्याला निदान एक, शक्यतो दोन. ‘यावरून त्यांची दूरदृष्टी दिसते’ हे वाक्य उलगडा म्हणून चालत नाही. ते कुठल्याही माणसाच्या कुठल्याही कामाखाली डकवता येतं. उलगड्याचं वाक्य त्या एकाच पुराव्याला लागू पडलं पाहिजे.

आणखी एक. नमुन्यात ‘झाले, निघाले’ आहे, ‘झालं, निघालं’ नाही. निबंधात दोन्ही चालतात, पण एकाच परिच्छेदात सरमिसळ झाली की लेखन कच्चं वाटतं. जे धराल ते शेवटपर्यंत धरा.

उलट बाजू

चांगल्या निबंधात निदान एका परिच्छेदात आपल्या दाव्यावरचा आक्षेप स्वतःहून मांडलेला असतो. मुलं याला घाबरतात, आपलाच मुद्दा पडेल असं वाटतं. होतं उलटंच. वसतिगृहं जातवार होती, मग त्यामुळं जातीच्या भिंती पक्क्या झाल्या नाहीत का? हा प्रश्न तपासणाऱ्याच्या मनात येणारच. तो एका वाक्यात प्रामाणिकपणे मांडा, मुद्दाम लेचापेचा करू नका. मग उत्तर पुराव्यानं द्या: १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम निघाला. म्हणजे राहण्याची सोय जातवार असली, तरी शिकायला एकत्रच बसायचं, ही दिशा स्पष्ट होती. आक्षेपात जेवढं तथ्य उरतं तेवढं मान्यही करा. त्यानं तुमचं वजन वाढतं.

दावा पुराव्याला पेलेल एवढाच

पंचगंगेच्या पुरावर लिहिताना ‘अलमट्टीमुळेच कोल्हापूर बुडतं’ असं सर्रास लिहिलं जातं. त्या एका ‘च’मुळं सगळा भार तुमच्यावर येतो: पाऊस, राधानगरीचा विसर्ग, पूररेषेतली बांधकामं, यातलं काहीच कारण नाही हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे धरणामुळं मागं तुंबणाऱ्या पाण्यावर, तर जाणकारांतच वाद आहे. ‘पूररेषेतल्या बांधकामांमुळे पुराचं नुकसान वाढतं’ एवढा दावा केलात तर तो पेलता येतो. आकडाही नुसता ठेवू नका. राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट आहे आणि २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, एवढं सांगून थांबलात तर वाचणाऱ्यानं काय करायचं? धोक्याच्या खुणेच्या बारा फूट वर पाणी म्हणजे घराचा तळमजला जाईल एवढी उंची, हे तुम्ही सांगायला हवं.

परिच्छेद जोडणं

‘तसेच’, ‘शिवाय’, ‘त्याचप्रमाणे’ यांनी यादी पुढं सरकते, विचार सरकत नाही. त्यापेक्षा आधीच्या परिच्छेदातली गोष्ट उचलून पुढं न्या: ‘वसतिगृहामुळे मुलगा शहरात टिकला, पण गावातच शाळा नसलेल्या मुलाचे काय?’ इथून १९१७ च्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाकडं आपसूक जाता येतं.

कच्चा मसुदा झाला की समासात प्रत्येक परिच्छेदासमोर त्याचा दावा पाच-सहा शब्दांत लिहा. लिहिता आला नाही तर त्या परिच्छेदाला मुद्दाच नाही. दोन ठिकाणी तेच शब्द आले तर परिच्छेद एकत्र करा. मग फक्त समासातलं वरून खाली वाचा. क्रम अदलाबदल करूनही काही फरक पडत नसेल, तर तुमचा निबंध अजून यादीच आहे.

परिच्छेदाच्या लांबीचं म्हणाल तर शंभर ते दीडशे शब्द बरे. ओळीत आठ-नऊ शब्द येत असतील तर हातानं लिहिलेल्या बारा ते सतरा ओळी झाल्या.

परीक्षेत मसुद्याला वेळ नसतो. तिथं लिहायला लागण्याआधी पाच मिनिटं काढून शेवटच्या पानावर फक्त दाव्याची वाक्यं लिहा आणि त्यांचा क्रम लावा. आणि प्रत्येक परिच्छेदाखाली दोन ओळी कोऱ्या सोडा. घाईत उलगड्याचं वाक्यच राहून जातं, आणि शेवटच्या दहा मिनिटांत ते लिहायला जागा लागते.