तुमची वेबसाईट कुणी ढापली तर काय करायचं

आपण रात्र रात्र जागून लिहिलेला लेख दुसऱ्याच्या साईटवर त्याच्या नावाने दिसला की डोकं फिरतंच, पण लगेच फेसबुकवर पोस्ट टाकून त्याची इज्जत काढायला जाऊ नका, तो गुपचूप पान उडवतो, चार दिवसांनी दुसऱ्या डोमेनवर तेच चालू करतो आणि तुमच्या हातात काही उरत नाही.

१) आधी पुरावा. स्क्रीनशॉट असा घ्या की पानाचा पत्ता आणि तारीख दोन्ही दिसेल. मग वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणारी साईट) जाऊन 'सेव्ह पेज नाऊ'मध्ये त्याच्या पानाची लिंक टाका, त्या दिवशीची प्रत तिथे राहते, आणि तुमचं पान तिथे त्याच्या आधीपासून सेव्ह असेल तर सोन्याहून पिवळं. ढापणारे बहुतेक आळशी असतात हे आपल्या पथ्यावरच पडतं. समजा तुमची रेसिपीची साईट आहे, तर थालीपिठाच्या लेखातलं 'मागे दिलेली भाजणी वापरा' हे वाक्यसुद्धा आतल्या लिंकसकट तसंच उचललं जातं आणि त्यावर क्लिक केलं की माणूस थेट तुमच्या साईटवर येतो! त्याचाही स्क्रीनशॉट घ्याच. अजून काय काय उचललंय ते बघायला तुमचं एखादं वेगळं वाक्य दुहेरी अवतरणचिन्हात टाकून गुगलवर शोधा.

२) नक्की काय चोरलंय ते बघा. साहित्याची नुसती यादी, किल्ल्याची उंची, एसटीची वेळ ही माहिती कुणाच्या मालकीची नसते. तुमची वाक्यं आणि तुमचे फोटो मात्र तुमचे, १९५७ च्या कॉपीराईट कायद्यात त्यासाठी रजिस्ट्रेशनची सक्ती नाही. आणि खाली 'साभार: इंटरनेट' लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही, हा गैरसमज आपल्याकडे फार आहे.

३) एक साधा मेल टाका. 'अमुक लिंकवरचा मजकूर माझ्या तमुक लिंकवरून घेतलाय, शुक्रवारपर्यंत काढा' एवढंच, शिव्या नकोत. बरेच जण इथेच गार पडतात.

४) नाही ऐकलं तर त्याच्याशी वाद घालत बसू नका, त्याच्या होस्टिंग कंपनीला (जिच्या सर्व्हरवर त्याची साईट ठेवलेली असते ती, म्हणजेच होस्ट) गाठा, खरा जोर तिथे आहे. 'हूइज' (डोमेनच्या नोंदीची माहिती) शोधून होस्ट कोण ते बरेचदा कळतं. तिथे क्लाउडफ्लेअरचं (साईट आणि वाचक यांच्या मध्ये बसणारी कंपनी) नाव दिसलं तर खरा होस्ट मागे लपलेला असतो, मग त्यांच्याच तक्रार फॉर्मवर टाका, ते पुढे पाठवतात. कंपनी अमेरिकेतली असेल तर डीएमसीए नोटीस द्यायची, डीएमसीए हा तिथला १९९८ चा कॉपीराईट कायदा. नोटिशीत तुमची लिंक, त्याची लिंक, तुमचा संपर्क, मजकूर परवानगीशिवाय वापरलाय असं तुम्हाला प्रामाणिकपणे वाटतं हे, दिलेली माहिती खरी असल्याचं निवेदन आणि सही लागते, डिजिटल चालते. खोटं लिहिलंत तर अंगाशी येऊ शकतं. समोरच्याने 'पान चुकून काढलंय' अशी उलट नोटीस दिली तर १० ते १४ कामाच्या दिवसांत पान परत येऊ शकतं, तुम्ही कोर्टात गेलात तरच थांबतं.

भारतातल्या कंपनीसाठी २०१३ चे कॉपीराईट नियम आहेत, तक्रार लेखी द्या, ती नियमाप्रमाणे असेल तर ३६ तासांत पान बंद करायचं असतं. पण ते २१ दिवसांपुरतं, तेवढ्यात कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते परत चालू करू शकतात.

५) सोबतच गुगलच्या कॉपीराईट तक्रारीच्या फॉर्मवर तक्रार करा. पान साईटवर राहतं पण सर्चमधून जातं, आणि सर्चच गेलं की असल्या साईटचा धंदा बसतो. प्रत्येक पानाची लिंक वेगळी द्यायची, नुसतं साईटचं नाव देऊन भागत नाही. गुगल अशा नोटिशींची प्रत लुमेन नावाच्या जाहीर डेटाबेसला पाठवतं, तिथे तुमचं नाव दिसू शकतं हेही धरून चाला.

६) नुकसान मोठं असेल तरच वकील. कॉपीराईट कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, म्हणजे तो दिल्लीत आणि तुम्ही साताऱ्यात असलात तर दिल्ली गाठायची गरज नाही.