जर्मनीत शिकायला निघालात? सुरुवातीच्या महिन्यांतल्या या चुका टाळा

ऑक्टोबरच्या सेमिस्टरला कोल्हापुरातून जर्मनीला जाणाऱ्या मुलांची बॅगेची यादी महिनाभर आधीच तयार असते. कांदा-लसूण चटणी किती किलो, कुकर तीन लिटरचा की पाचचा, सगळं घरात बसून ठरतं. उतरल्यावर कुठला कागद आधी करायचा आणि कुठला नंतर, याची यादी मात्र फार थोड्यांकडे असते. बहुतेकांचं घोडं तिथंच अडतं, म्हणून कागदांपासून सुरुवात करतो.

‘पत्ता नोंदवता येईल का?’ हे न विचारता खोली घेणं

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. नव्या घरात राहायला गेल्यावर १४ दिवसांच्या आत शहराच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो देणं मालकाला कायद्यानं बंधनकारक आहे, तरी ‘राहा, पण नोंदणी करू नका’ म्हणणारे भेटतात. ओळखीच्या मुलाच्या खोलीत गादी टाकून राहिलात तर तो कागद मिळणं अवघडच.

नोंदणी अडली की पुढचं सगळं अडतं. टॅक्सचा नंबर येत नाही, बऱ्याच बँका खातं उघडत नाहीत, आणि खातं नसेल तर ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे हातात येत नाहीत. व्हिसासाठी घरच्यांनी या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच भरलेले ११,९०४ युरो तुमच्याच नावावर असतात, पण त्यातले महिन्याचे ९९२ युरो मिळायला तिथलं चालू खातं लागतं. पहिल्या दीड-दोन महिन्यांचं भाडं, डिपॉझिट आणि खाण्याचा खर्च फॉरेक्स कार्डावर वेगळा ठेवा. घरी कर्जाचे हप्ते चालू असताना पुन्हा पैसे मागायची वेळ आली की मुलं पोटाला चिमटा काढतात. ते टाळण्यासारखं आहे.

१४ दिवस उलटत आले आणि पत्ता नोंदवायला शहराच्या कार्यालयाची अपॉइंटमेंट मिळत नसेल, तर मिळेल ती पहिली तारीख घेऊन टाका आणि बुकिंगचा ईमेल जपून ठेवा. वेबसाइट रोज बघत राहा, कारण लोकांनी रद्द केलेल्या वेळा पुन्हा उघडतात.

‘मी सध्या बाहेरगावी आहे, आधी डिपॉझिट पाठव, चावी कुरिअरनं येईल’ असा मेल आला तर एक पैसाही पाठवू नका. खऱ्या मालकालाही डिपॉझिट म्हणून तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त मागता येत नाही.

पत्रपेटीवर नाव न लावणं

आपल्याकडे ‘अमुक तालमीच्या मागं’ एवढ्यावर पत्र घरी पोचतं. जर्मनीत पत्त्यात फ्लॅटचा नंबर सहसा नसतोच. पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचतो आणि ते सापडलं नाही तर पत्र परत पाठवतो. टॅक्सचा नंबर, बँकेचा पिन, आरोग्य विम्याचं कार्ड हे सगळं पोस्टानंच येतं. पहिल्याच दिवशी मालकाला विचारून पेटीवर आडनाव लावा. स्पेलिंग पासपोर्टातलंच हवं.

आलेलं पत्र जर्मन कळत नाही म्हणून बाजूला टाकू नका. रेडिओ-टीव्हीच्या फीचं पत्र हमखास येतं. ती घरामागे महिन्याला १८.३६ युरो आहे, टीव्ही नसला तरी भरावी लागते आणि थकवली तर दंड चढतो. तीन-चार जण एकत्र राहत असाल तर एकानं भरायची आणि वाटून घ्यायची.

परीक्षेसाठी वेगळी नोंदणी असते, हे उशिरा कळणं

वर्गात बसलो म्हणजे परीक्षेलाही बसलो, असं तिथं नसतं. बहुतेक विद्यापीठांत प्रत्येक पेपरची नोंदणी पोर्टलवर मुदतीत स्वतः करावी लागते. नापास झाल्यावर पुन्हा बसायच्या संधीही मोजक्याच असतात. पुढच्या सेमिस्टरची फी मुदतीत भरली नाही, तर विद्यापीठ नाव कमी करू शकतं आणि मग राहण्याचा परवानाही धोक्यात येतो. दोन्ही तारखा पहिल्याच आठवड्यात कॅलेंडरमध्ये टाका.

नोकरीचंही तसंच. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस, ही मर्यादा आहे. मित्र जास्त करतोय म्हणून तुम्ही करू नका.

स्वयंपाकघर

तूप, खवा, पेढे, सुकं मटण बॅगेत भरू नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. कोरडी चटणी आणि भडंग खुशाल न्या. तांबड्या रश्श्याची फोडणी देताना खिडकी उघडी ठेवा आणि दार लावून घ्या. धूर लागला की अलार्म वाजतो आणि काही हॉस्टेलांत अग्निशामक दल येऊन बिलही देऊन जातं. मिक्सर रविवारी किंवा रात्री दहानंतर लावू नका. रविवारी बहुतेक दुकानंही बंद असतात, बाजार शनिवारीच उरका.

फोनवर ‘सगळं मस्त आहे’ म्हणत राहणं

याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. डिसेंबरात तिथं चारच्या सुमाराला अंधार पडतो. घड्याळ साडेचार तास मागं असतं, त्यामुळं मुलगा मोकळा होईपर्यंत इकडं आई झोपलेली असते. घरच्यांनी कर्ज काढलंय, त्यांना कशाला त्रास, म्हणून मुलं गप्प बसतात, आणि गप्प बसलेल्या मुलाचं काय बिघडलंय ते इथं रंकाळ्याकाठी बसून कुणालाच कळत नाही.

आठवड्यातली एक वेळ ठरवून घ्या आणि त्या फोनवर एक तरी खरी अडचण सांगा. आईवडिलांनीही ‘जेवलास का?’ याच्या पुढं जाऊन ‘या आठवड्यात कुणाबरोबर जेवलास?’ असं विचारावं. उत्तर दोन-तीनदा ‘एकटाच’ आलं तर विषय सोडू नका.

झोप लागत नसेल, वर्गाला जावंसं वाटत नसेल, तर विद्यार्थ्यांसाठीच्या श्टुडिरेंडनवेर्क या संस्थेकडे समुपदेशन मिळतं, बहुतेक ठिकाणी मोफत आणि अनेक ठिकाणी इंग्रजीतही. तिथल्या नोंदी गोपनीय राहतात आणि त्यांचा व्हिसाशी काही संबंध नसतो. अपॉइंटमेंटला काही आठवडे लागू शकतात, म्हणून त्रास वाढायची वाट न बघता आधीच मेल करा.