कळलावी बियांपासून लावताना या चुका टाळा

श्रावणात एखाद्या कुंपणावर कळलावी लाल-पिवळी फुललेली दिसली की लोक बी मागायला येतात, आणि पाठोपाठ विचारतात, "यंदा फुलेल ना?" नाही फुलणार. बियांपासून फूल यायला तीन-चार पावसाळे लागतात. ज्यांना तेवढं थांबवत नाही ते रानातून कंद उपटून आणतात, याची मला मनापासून चीड आहे. औषधासाठी ओरबाडून आधीच हा वेल रानातून कमी झालाय. शिवाय कंदाचा डोळा टोकाला असतो, जराशा धक्क्याने मोडतो. डोळा मोडला की कंद गेला.

पण घरात सगळ्यात जास्त कळलावी मरते ती दिवाळीनंतर, आणि मरते पाण्याने. पहिल्या वर्षी रोपाला दोन-चार पानंच येतात, खाली बारीकसा कंद धरतो. पावसाळा सरला की पानं पिवळी पडून वाळतात. हा रोग नाही, वेल झोपतोय.

जुळे सोलापुरातल्या ओळखीच्या एका काकांना हे पटता पटेना. पानं पिवळी दिसली म्हणून रोज तांब्याभर पाणी, वर कुणीतरी सुचवलं म्हणून युरियाची चिमूट. मी म्हटलं, "काका, पाणी तोडा आता." तर म्हणाले, "अहो, आपल्या सोलापूरच्या उन्हात कुंडी कोरडी ठेवायची?" महाशिवरात्रीच्या सुमारास त्यांनी कुंडी उपडी केली. शेतातून आणलेली काळी माती, चिकट गोळा झालेली. त्यात कंद वरून धड दिसत होते, पण चिमटीत धरला तर सालीतून तपकिरी पाणी आलं, कुबट वासाचं. त्याच बियांची एक कुंडी जिन्याखाली विसरली गेली होती. तिला पाण्याचा थेंब मिळाला नव्हता. मृगाच्या पावसानंतर तिच्यातून कोंब वर आले.

म्हणून माझ्याकडे दिवाळीनंतर कळलावीच्या कुंड्या उत्तरेच्या भिंतीला सावलीत जातात, विटांवर, आणि वळवाचा पाऊसही लागणार नाही अशा जागी. पारा ४२ वर गेला तरी मी पाणी देत नाही. कुंडीवर ऑइलपेंटने नाव घालते, नाहीतर घरातलंच कुणी रिकामी समजून त्यात कोथिंबीर पेरतं. रोहिणी संपता संपता कुंड्या बाहेर काढायच्या आणि पाणी सुरू करायचं.

मातीचं वेगळं सांगायला नको, तरी सांगते. आपली काळी माती कापसाला-ज्वारीला उत्तम, पण कुंडीत ओली राहिली की कंदाचा श्वास कोंडते, आणि सुकली की भेगा पडून कोवळी मुळं तोडते. मी मुरूम, जाडी वाळू आणि कुजलेला पालापाचोळा जवळपास सारखे घेते. नर्सरीतलं नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मला अजिबात पसंत नाही, आत किती ओल आहे ते वरून कळतच नाही.

बी हिरव्या शेंगेतून काढू नका. शेंग वाळून आपोआप उकलली की आत लालभडक दाणे दिसतात, ते घ्या. त्यावरचा गर चोळून धुवायचा, दाणे सावलीत वाळवायचे आणि कागदी पाकिटात जूनपर्यंत ठेवायचे. ताज्या बियांना काही महिन्यांची विश्रांती लागते. थेट पेरल्या तर बहुतेक तशाच पडून राहतात आणि लोक बियाण्याला नावं ठेवतात. पेरायच्या आदल्या रात्री भिजत घाला, बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल पेरा.

आणि मग उकरून बघू नका! सगळे दाणे एकदम उगवत नाहीत. काही महिन्याभरात येतात, काही त्याहून बरेच उशिरा. आपल्याकडचा खरा पाऊस सप्टेंबरचा, तोवर तरी कुंडीला हात लावू नका.

गच्चीच्या तापलेल्या स्लॅबवर कुंडी ठेवू नका.

आधार पातळ काडीचा द्या. हा वेल पानाच्या टोकाने विळखा घालतो, जाड बांबू त्याला धरवत नाही.

विषाकडे दुर्लक्ष ही चूक तर कुणालाच परवडणारी नाही. पूर्ण झाडात कोल्चिसिन नावाचं विष असतं, कंदात आणि बियांत सगळ्यात जास्त. कंद रताळ्यासारखा दिसतो म्हणून खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. माझं बियांचं पाकीट कुलपात असतं, कंद हाताळताना हातमोजे घालते, आणि ज्या घरात रांगतं मूल आहे किंवा दारात शेळ्या आहेत त्यांना मी बी देत नाही, कितीही आग्रह केला तरी.