जलद वाढणाऱ्या मायकोबॅक्टेरियांची जनुकक्रमावरून ओळख

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची जखम महिन्याभराने पुन्हा वाहू लागली आणि नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देईना, तर जलद वाढणाऱ्या मायकोबॅक्टेरियांची (क्षयजंतूच्या कुळातील, पण आठवड्याभरात वाढणाऱ्या जंतूंची) शंका घेऊन पणजी-मडगावकडील डॉक्टरांनी क्षयाची औषधे सुरू करण्याआधी पू किंवा ऊतीचा तुकडा संवर्धनासाठी (प्रयोगशाळेत जंतू वाढवण्यासाठी) पाठवावा. कापसाच्या बोळ्यावरचा नमुना बहुधा वाया जातो. संवर्धनाची एक नळी ३० अंशांवरही ठेवावी, कारण या गटातील चेलोनी ही प्रजाती ३७ अंशांवर नीट वाढत नाही. सात दिवसांच्या आत वसाहती दिसल्या व त्या आम्लरोधी (रंगवल्यावर आम्लानेही रंग न सोडणाऱ्या) ठरल्या, की शुद्ध वसाहतीतून डीएनए काढावा.

केवळ १६एस या, जंतू ओळखण्यासाठी नेहमी वाचल्या जाणाऱ्या जनुकावर विसंबू नये; चेलोनी व तिच्या जवळची प्रजाती अ‍ॅबसेसस यांत त्याचा क्रम जवळपास सारखाच असतो. म्हणून एचएसपी६५ या जनुकाचा ४४१ बेसांचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा आणि आरपीओबी हे जनुक, दोन्ही वाचावेत. आरपीओबीच्या ७२३ बेसांच्या तुकड्यात जुळणी ९७ टक्क्यांहून कमी आली, तर नव्या प्रजातीची शंका घ्यावी. जुळणी नेहमी प्रमाण-वाणाशी (प्रजातीच्या अधिकृत नमुन्याशी) पाहावी, कारण सार्वजनिक संग्रहांतील नावे कधीकधी चुकीची असतात.

अ‍ॅबसेसस निघाल्यास ईआरएम४१ हे औषध-प्रतिकाराचे जनुक वाचावे: २८व्या स्थानी टी हा बेस असल्यास क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक प्रयोगशाळेतील चाचणीत सुरुवातीला लागू पडल्यासारखे भासते, पण चौदाव्या दिवसापर्यंत प्रतिकार उघड होतो.