कंपन्या विकत घेण्या-देण्याच्या कामात यायचं असेल तर

सीए किंवा सीएस (कंपनी सेक्रेटरी) होऊन पणजीत या कामाला लागणाऱ्यांना ताळेबंद चांगला वाचता येतो. पण इथल्या ज्या खासगी कंपन्या मी पाहिल्या, त्या घरच्याच माणसांच्या. त्यांचे सौदे अडतात ते ताळेबंदाबाहेरच्या कागदांवर.

शेअर घेतले की कंपनी जशी आहे तशी पदरात पडते: कराची थकबाकी, भविष्यनिर्वाह निधीची बाकी, कोर्टातले दावे, सगळं. नुसती यंत्रं आणि माल घेतला तर यातलं बरंच टळतं, पण परवाने नव्याने काढावे लागतात. कोणता मार्ग घ्यायचा हे पहिल्याच बैठकीत बोलून घ्यावं.

कारखाना वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत असेल तर जमीन सहसा गोवा औद्योगिक विकास महामंडळाकडून भाडेपट्ट्याने घेतलेली असते. तो करार शेवटच्या पानापर्यंत वाचा. मुदत किती उरली, भागधारक बदलले तरी परवानगी आणि शुल्क लागतं का, हे तिथेच कळतं.

मग घरचे कागद. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या पद्धतीनुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक धरतात. म्हणून शेअर एकट्याच्या नावावर असले तरी आम्ही जोडीदाराची लेखी संमती घेतोच. शेअर वारलेल्या वडिलांच्या नावावर असतील तर वारसांची इन्व्हेंटरी, म्हणजे मिळकतीची यादी आणि वाटणी करण्याची कोर्टातली प्रक्रिया, पूर्ण झाली का, तेही बघतो.

कुंडईच्या एका सौद्यात मालकांना बायकोची सही मागितलेली रुचली नव्हती. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकी, आल्या, चष्मा लावून मसुदा वाचला आणि म्हणाल्या, "आमच्या घराचे कागद बँकेत आहेत. ते कधी सुटणार?" मसुद्यात शेअर आधी जात होते, तारण नंतर सुटणार होतं. त्यांच्या प्रश्नामुळे दोन्ही एकाच दिवशी करायचं ठरलं. विक्रेत्याने बँकेला दिलेली वैयक्तिक हमी शेअर विकल्याने आपोआप संपत नाही. ती कधी सुटणार हे करारात लिहून घ्याच.

शेअर कागदी असतील तर हस्तांतरणाचा एसएच-4 फॉर्म भरण्याचं काम बहुधा नवख्याकडे येतं. 0.015 टक्के मुद्रांक शुल्क आणि सही झाल्यापासून 60 दिवसांत कंपनीकडे देण्याची मुदत, दोन्ही सांभाळा.

नोकरी शोधताना एक जरूर विचारा: सौद्याआधी कंपनीची तपासणी करताना नवख्यांना कारखान्यात नेतात का? नेत असतील तर पगार थोडा कमी असला तरी तिथेच जा.