डाफ्नियावर पाण्याचा विषारीपणा कसा तपासावा

पाण्यात कोणते रसायन आहे हे ही चाचणी सांगत नाही. त्या पाण्यात जीव तगतो का, एवढेच सांगते. डाफ्निया मॅग्ना या पाणपिसवेची २४ तासांहून लहान पिल्ले पाण्यात सोडायची आणि ४८ तासांत किती जणांचे पोहणे थांबले ते मोजायचे. सूचनापत्रकांत विरलीकरणाचे (नमुना पातळ करण्याचे) गणित पानभर असते, पिल्ले उचलण्याबद्दल मात्र ‘अलगद सोडा’ एवढेच. चाचणी बिघडते ती नेमकी तिथे.

विरलीकरणाचे पाणी स्वतः बनवा. १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात कॅल्शियम क्लोराइड (डायहायड्रेट) २९४ मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट (हेप्टाहायड्रेट) १२३, सोडियम बायकार्बोनेट ६५ आणि पोटॅशियम क्लोराइड ५.८ मिलिग्रॅम घालून रात्रभर हवा सोडा. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवले की चालते, हा सल्ला ऐकू नका. क्लोरीन उडून जाईलही, पण क्लोरामाइन आणि नळातून उतरलेले तांबे कुठेही जात नाही.

दोन ते चार आठवड्यांच्या माद्या आदल्या संध्याकाळी स्वच्छ भांड्यात काढा. सकाळी तिथे सापडतील ती पिल्ले तुमची. पहिल्या विणीची घेऊ नका. मूळ भांड्यात नर किंवा अंड्यांची खोगिरासारखी काळी कवचे दिसत असतील, तर माद्या ताणाखाली आहेत. त्यांची पिल्ले चाचणीला नकोत.

नमुना १००, ५०, २५, १२.५ आणि ६.२५ टक्के असा करा, शिवाय तुलनेसाठी नुसत्या विरलीकरणाच्या पाण्याचा कंट्रोल. प्रत्येकाचे चार बीकर, बीकरमध्ये १० मिलिलिटर पाणी आणि पाच पिल्ले. सगळी पाणी आधी २० अंशांवर आणा.

आता पिल्ले सोडणे. पिल्लाचे कवच पाणी झटकणारे असते. ते क्षणभर जरी पृष्ठभागाबाहेर आले, तरी कवचाखाली हवा अडकते आणि पिल्लू वर चिकटून तरंगत राहते. शिंगे हलतात, पण खाली जाता येत नाही. दुसऱ्या दिवशी मोजणारा त्याला ‘निश्चल’ धरतो आणि निर्दोष पाणी विषारी ठरते. म्हणून वरून थेंब टाकायचा नाही, जाळीने उचलायचे तर मुळीच नाही. ड्रॉपरचे तोंड निदान ३ मिलिमीटर रुंद आणि कडा गुळगुळीत हवी. अरुंद टोकात पिल्ले चिरडतात आणि ती इजा डोळ्यांना दिसतही नाही. टोक बीकरच्या पाण्यात बुडवा, मगच रबर सावकाश दाबा, आणि टोक बाहेर काढेपर्यंत दाब सोडू नका, नाहीतर पिल्लू परत आत ओढले जाते.

दुसरी चूक सोबत येणाऱ्या पाण्याची. १० मिलिलिटरच्या बीकरमध्ये पिल्लांसोबत अर्धा मिलिलिटर गेले, तर नमुना पाच टक्क्यांनी पातळ झाला. पाचही पिल्ले मिळून ०.२ मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी जाऊ देऊ नका. कंट्रोलपासून सुरुवात करून सर्वांत तीव्र नमुन्याकडे जा. ड्रॉपरचे टोक नमुन्यात बुडते, त्यामुळे उलट क्रमाने गेलात तर विष कंट्रोलपर्यंत पोहोचेल. अर्ध्या तासाने सगळे बीकर पाहा. कुणी तरंगत असेल तर त्यावर त्याच तीव्रतेच्या पाण्याचा एक थेंब सोडून खाली ढकला. तरीही वर आले तर तेव्हाच बदला. साबणाचा अंश घालून पृष्ठताण मोडण्याची युक्ती अजिबात नको, साबण स्वतःच विष आहे.

नंतर १६ तास उजेड, ८ तास अंधार. खाद्य नाही, हवाही सोडायची नाही.

२४ आणि ४८ तासांनी बीकर हलकेच फिरवा आणि १५ सेकंद पाहा. तेवढ्यात न पोहलेले पिल्लू निश्चल, शिंगे हलत असली तरी. पिल्लू मेले की नाही हा वाद इथे नको; तो प्रत्येक मोजणारा वेगळा सोडवतो.

कंट्रोलमधल्या वीसपैकी दोनहून अधिक निश्चल झाली, किंवा अखेरीस ऑक्सिजन लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला, तर निकाल टाकून द्या. पिल्लांची संवेदनशीलता पोटॅशियम डायक्रोमेटवर पडताळा (हातमोजे घालून): २४ तासांत निम्मी निश्चल करणारी तीव्रता लिटरमागे ०.६ ते २.१ मिलिग्रॅममध्ये यायला हवी.

२५ टक्क्यांत सगळी पोहत असतील आणि ५० टक्क्यांत एकही नाही, तर निम्मी निश्चल करणारी तीव्रता म्हणून दोन्हींच्या गुणाकाराचे वर्गमूळ घ्या: सुमारे ३५ टक्के. आधीमधी आकडे मिळाले तर प्रॉबिट (तीच तीव्रता काढायची सांख्यिकी रीत) लावा. pH मात्र सुरुवातीला आणि शेवटी लिहाच. अमोनिया असलेल्या पाण्यातून कार्बन डायऑक्साइड उडाला की pH चढतो, त्याबरोबर अमोनियाचे विषही चढते, आणि ते पिल्लांनी दोन दिवस सोसलेले असते.