दख्खनच्या कातळातले स्फटिक: गोळा करायचे कसे आणि फोटो काढायचे कसे

नाशिक, जळगाव, पुण्याकडे विहीर खणताना नाहीतर खडीच्या खाणीत काळा कातळ फुटला की कधीकधी आत पोकळी निघते आणि ती आतून नुसती चमचमत असते. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले, मग त्यातून खनिजं विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि त्या पोकळ्यांत अपोफिलाइट, स्टिल्बाइट, स्कोलेसाइट या खनिजांचे स्फटिक वाढले. पुण्याजवळच्या वाघोलीचा निळाभोर कॅव्हनसाइट तर जगभरातले संग्राहक शोधत असतात. आपल्या दाराशी एवढं असताना हा छंद इथे फार कमी लोकांना आहे याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी डोळा तयार करा. सिन्नरचं गारगोटी म्युझियम एकदा निवांत बघून या, म्हणजे स्टिल्बाइटची पेंढी कशी दिसते आणि अपोफिलाइटचा पिरॅमिड कसा, हे डोक्यात बसतं. मग खाणीवर जायचं, पण मालकाला विचारूनच, सुरुंगाची वेळ टाळून, हेल्मेट आणि गॉगल घालून. उभ्या कड्याला हात लावू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही, आपल्याला हवं ते बहुतेक वेळा खाली पडलेल्या ढिगातच मिळतं. किल्ले, लेणी इथला एक खडाही उचलायचा नाही. छन्नी स्फटिकापासून लांब, कातळावर मारा, थोडा जादा दगड आला तरी चालेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दगड कागदात गुंडाळतानाच आत चिठ्ठी टाका: गाव, खाण की विहीर, तारीख. घरी जाऊन लिहू म्हटलं की संपलं, माझ्याकडे हिरव्या अपोफिलाइटचा एक सुंदर तुकडा आहे आणि तो कुठला ते आता कोणीच सांगू शकत नाही, अभ्यासाच्या दृष्टीने त्याची निम्म्याहून जास्त किंमत तिथेच गेली.

धुण्याची घाई नको. ओकेनाइट म्हणजे पांढऱ्या कापसाच्या गोळ्यासारखा दिसतो ना, तो मी सुरुवातीला नळाखाली धरला होता, तंतू एकमेकांना चिकटून त्याचा ओल्या मांजरासारखा लगदा झाला आणि वाळल्यावरही तो परत फुलला नाही. त्याला फक्त हवेची हलकी फुंकर, बोटही नाही. स्कोलेसाइटच्या सुयांचंही तेच. अपोफिलाइट, स्टिल्बाइटला साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. ॲसिडने कॅल्साइट विरघळतो आणि बाकीच्या खनिजांचीही चमक जाते, त्यामुळे बाथरूमची बाटली लांबच ठेवा. गरम पाणी किंवा ड्रायरही नको, यांच्या रचनेतच पाणी असतं.

आता फोटो. मोबाईल चालतो, फ्लॅश मात्र बंद. खिडकीशी टेबल, खिडकीला ट्रेसिंग पेपर, खाली काळा मखमली कपडा, सावलीच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा. मोबाईल अगदी जवळ नेऊ नका, थोडं लांबून २एक्स झूम करा, स्टँडवर लावा आणि २ सेकंदांचा टायमर ठेवा, बोटाच्या धक्क्यानेही फोटो हलतो. पांढरे स्फटिक असतील तर एक्स्पोजर जरा खाली ओढा, नाहीतर कडा जळून सगळं सपाट दिसतं. पिवळ्या बल्बखाली कॅव्हनसाइटचा निळा मरतो, त्याला दिवसाचाच उजेड द्यावा.

खरी मेहनत दगड फिरवण्यात आहे. अपोफिलाइटचं टोक कधीकधी सपाट कापल्यासारखं असतं आणि त्या सपाटीवर मोत्यासारखी झाक असते, बाजूच्या कडा मात्र काचेसारख्या. दगड एकाच जागी ठेवून अगदी कणभर कणभर वळवत राहा, एका क्षणी ती सपाटी एकदम पांढरी चमकून उठते, तिथून किंचित मागे या आणि क्लिक करा. ऐन चमकीत काढलात तर नुसता पांढरा डाग येतो. एका दगडाला मला कधीकधी अर्धा तास लागतो, पण तेवढा द्यावाच. दगड उभा राहत नसेल तर खाली मुलांची कणकेसारखी खेळायची माती लावू नका, तिचं तेल दगडात मुरतं, वाळूची छोटी पुरचुंडी बरी.

एक फोटो पट्टी ठेवून काढा, आकार कळतो, आणि फाइलला चिठ्ठीतलंच गाव आणि नंबर द्या. तोच नंबर दगडाच्या तळाशी, स्फटिक नसलेल्या जागी, पांढऱ्या रंगाच्या ठिपक्यावर बारीक पेनने लिहून ठेवा.